जमा केलेलं गाव

अन्याय सुनंदावर झाला. सुनंदा म्हणजे माझी थोरली बहीण, आमची अक्का. तिच्या बारावीच्या वर्षी, फेब्रुवारीतल्या शेवटच्या रविवारी, सकाळी साडेदहा वाजता, लातूरच्या एका क्लासच्या हॉलमध्ये, भरल्या सभेत तिच्या हातातून तिचा कॉम्प्युटर काढून घेतला. काढून घेण्याआधी तिच्या कपाळाला टिळा लावला. आमच्या घरात टिळा लावत नाहीत, पण ते कुणी विचारलं नाही. मग टाळ्या झाल्या. मी तिथंच होते, फ्रॉकवर, पहिल्या रांगेत. मीही वाजवल्या.

क्लासचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. एक नाव लिहिलं की बाकीचे हात झटकून मोकळे होतात, आणि ही रीत आता एका दाराची उरलेली नाही.

फेब्रुवारी निम्मा सरला की लातूरची हवा करकरीत कोरडी होते. कडुनिंबाची पानं गळून रस्त्याच्या कडेला ढीग लागतात. टँकरच्या मागं लावलेल्या घागरी सकाळपासून वाजायला लागतात. भिंतीभिंतीवरचे मागच्या वर्षीच्या गुणवंतांचे फोटो उन्हानं पांढरे पडत जातात, आधी शर्टाचा रंग जातो, मग ओठ, शेवटी नुसता चष्मा उरतो. घराघरात केबलची वायर काढली जाते, टीव्हीवर चादर पडते. ‘यंदा बारावी आहे’ एवढं ऐकलं की पाहुणे जिन्यावरूनच माघारी फिरतात. सुतक असलेल्या घरातसुद्धा माणसं येऊन बसतात हो. बारावी असलेल्या घरात कुणी येत नाही.

मागच्या रविवारी शेजारच्या जोशी बाई जिना उतरत होत्या. बाई शाळेत गणित शिकवतात, चांगल्या आहेत, माझी मोर्चाची पत्रकं वाचून त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका लाल पेनानं दाखवतात. त्यांच्या हातात चादरीचं गाठोडं होतं. गाठोड्यातून टीव्ही गेमचा रिमोट वायरीला लोंबत होता.

“कुठं निघालात, बाई?”

“जमा करायला. आज आमचा रविवार.”

“पोरगा काय म्हणतो?”

“तो काय म्हणणार? दोन दिवस जेवला नाही. म्हटलं, बारावी होऊ दे, मग खेळ जन्मभर.”

“परत आणणार ना पण?”

“पेढे घेऊन जाईन की आणायला. तू आपलं चांगलं बोल गं बाई, सणासुदीचं.”

सणासुदीचं! मी तशीच वर आले, आणि टेबलावर उघडून ठेवलेल्या मशीनला सोल्डरिंगचा डाग देत बसले. डाग वाकडा बसला.

ज्यांच्या घरात अजून बारावी आलेली नाही त्यांच्यासाठी ही रीत सांगते. परीक्षेच्या आधीच्या रविवारी, तुकडीतुकडीनं, क्लास पालकांना बोलावतो. कार्यक्रमाचं नाव ‘संकल्प’, लोक म्हणतात ‘जमा’. पोराचं मन जिथं म्हणून रमतं ती वस्तू आईबापांनी आणायची. टीव्ही गेम, कॅरम, वॉकमन, बॅट, चित्रांच्या वह्या, आता मोबाईल. पोरानं स्वतःच्या हातानं ती सरांच्या हाती द्यायची. सर गुलाबी पावती देतात आणि दरवर्षी तेच वाक्य म्हणतात: “निकालाच्या दिवशी पेढे घेऊन या, सामान घेऊन जा.” ज्याच्याकडं पेढे आणण्यासारखा निकाल नाही त्यानं काय करायचं, हे सर सांगत नाहीत. कुणी विचारतही नाही. त्या दिवशी हॉलमधल्या प्रत्येक आईबापाला वाटत असतं की हा प्रश्न बाजूच्या खुर्चीवाल्याचा आहे.

अक्काचा कॉम्प्युटर आमच्याकडं कसा आला ते सांगायचं तर भूकंपाकडं जावं लागतं. तेव्हा ती आठवीत होती आणि मी तिसरीत. आमचं गाव किल्लारीपासून फार लांब नव्हतं. पहाटे गाव गेलं. त्या पहाटेवर भाषणं करणारे पुष्कळ आहेत, मी करणार नाही. मला आठवतो तो त्यानंतरचा पत्र्याच्या शेडचा मोसम. दुपारी पत्रा असा तापायचा की माय त्याला पाठ लागू नये म्हणून मधोमध बसून भाकरी थापायची. रस्त्यानं ट्रक गेला तरी माणसं बाहेर पळायची, आणि ट्रक मदतीचा निघाला की पुन्हा त्याच्याकडंच पळायची.

मदत! ज्यांच्या पायात वहाण नव्हती त्यांना उंच टाचांचे बूट आले. दगडाखालून निघालेल्या माणसांना गळ्यात बांधायचे टाय आले. आमच्या गडीमाणसांनी त्या टायांनी शेळ्या बांधल्या, आणि पेपरवाले त्याचे फोटो काढून हसले. असल्याच एका स्वेटरच्या गाठोड्यात एक काळी चपटी पेटी निघाली, पाटीएवढी, वर करड्या रबराची बटणं. बायांनी निकाल दिला की हा टाइपरायटर आहे, पण मुका. “कागद घालायला जागाच न्हाई याला. पोस्टातल्या माणसाला द्या, त्यांना कळंल.” पोस्टातला माणूस म्हणजे आमचे आबा. आबांनाही कळलं नाही. अक्काला कळलं, कारण पेटीसोबत एक पुस्तक होतं आणि पुस्तकात चित्रं होती.

तो अख्खा कॉम्प्युटर होता. असले घरगुती कॉम्प्युटर तेव्हाच जुने झाले होते, म्हणूनच कुणीतरी ते दानात काढले असणार. त्याला पडदा नसतो, टीव्हीला जोडायचा. त्याला स्वतःची आठवणही फार नसते. बटण बंद केलं की सगळं विसरतो. काही ठेवायचं असेल तर साध्या गाण्याच्या कॅसेटवर आवाज करून ठेवायचं, आणि पुन्हा हवं असेल तर टेपरेकॉर्डर लावून तो आवाज मशीनला ऐकवायचा. तो आवाज ज्यांनी ऐकला नाही त्यांना काय सांगू? पत्र्यावर खिळा ओढल्यासारखी किर्रर्र किंकाळी, आणि तेवढ्या वेळात टीव्हीच्या कडांना निळ्यापिवळ्या पट्ट्या धावत असतात.

वस्तीच्या टीव्हीला तो काही केल्या जोडला जाईना. सुट्टीत आम्ही नांदेडला मामाकडं गेलो, तेव्हा मामानं वजिराबादेतल्या जब्बारचाचांकडं नेलं. चाचा टीव्हीचे मेकॅनिक. त्यांच्या दुकानात राळेचा आणि गरम ट्रान्सफॉर्मरचा वास असायचा, आणि पोटं उघडलेले टीव्ही एकमेकांवर रचलेले. चाचांनी पेटी उलटीपालटी केली.

“ये कहाँ से लाई बेटा?”

“भूकंपात मिळालं,” अक्का म्हणाली.

चाचांनी पेटी हलकेच टेबलावर ठेवली. “अच्छा. भूकंपात कुणाला काही मिळालं, हे पहिल्यांदाच ऐकून राहिलो.” मग त्यांनी झाकण काढलं, अँटेनाची वाट सोडून चित्राची तार सरळ बाहेर घेतली, टीव्हीच्या पोटात दुसरी तार घातली, आणि पडद्यावर अक्षरं आली. अक्का रडली. मी हसले. चाचांनी पैसे घेतले नाहीत, उलट म्हणाले, “फक्त गेम खेळायला ठेवू नको हां. लई काम करतं हे.”

ती खेळली नाही असं नाही, पण खेळ तिनंच केला. खेळात एक चौकोनी ठिपका होता आणि तो आमच्या गावात चालायचा. पडलेल्या गावात. बटणं दाबत ठिपक्याला गल्लीतून न्यायचं, दारापुढं थांबवायचं, की खाली ओळ उमटायची: ‘इथं सोपानमामा राहतात. त्यांची शेळी चावते.’ ‘इथं काशीबाई राहतात. चहाला नाही म्हणू नका.’ सगळे ‘राहतात’. कोण उरलं आणि कोण गेलं, हा फरक तिनं खेळात ठेवलाच नव्हता.

शेडमधली म्हातारी माणसं दुपारची तो खेळ बघायला जमायची. काशीबाई पडद्यावर बोट आपटायच्या. “अगं भवाने, माझं दार उगवतीला हुतं! तू मावळतीला केलंस!” “तुझं दार उगवतीला असतं तर माझ्या न्हाणीचं पाणी तुझ्या अंगणात कसं येईल?” असं सोपानमामा म्हणायचे, आणि मग त्या न्हाणीच्या पाण्यावरून वीस वर्षांपूर्वीचं भांडण नव्यानं पेटायचं. अक्का वही घेऊन बसायची. दोघांचं एकमत झालं की दार हलवायची. सरकारी माणसं नव्या गावाचे आखीव नकाशे घेऊन यायची, सरळ रेघांचे, घरांना नंबर घातलेले. जुन्या गावाचा नकाशा विचारायला कुणी आलं नाही.

अक्कानं गाव आमच्या टोकापासून सुरू केलं होतं. गावाची वर्णनं नेहमी वेशीपासून आणि मारुतीपासून निघतात आणि आमची वस्ती यायच्या आत कागद संपतो. तिच्या गावात आधी आमची घरं आली, मग विहीर, आणि विहिरीशी मशीनची आठवण भरली. वरच्या आळीचे एक काका येऊन बघून गेले.

“आमची गल्ली कुठाय गं?”

“मशीन भरलं, काका.”

“म्हंजे? आमीच न्हाई व्हय गावात?”

आमची माय तोंडाला पदर लावून आत गेली. तिचं हसू मला पत्र्याआड ऐकू येत होतं. पण अक्का हसली नाही. पुढच्या सुट्टीत ती पुन्हा चाचांच्या दुकानात जाऊन उभी राहिली. “चाचा, गाव बसंना.” चाचांनी झाकण उघडून दाखवलं, आत बोर्डावर चिपांच्या जागा रिकाम्याच होत्या. कारखान्यानंच मशीन अर्धपोटी विकलं होतं. चाचांनी कुठल्याशा भंगारातल्या बोर्डावरून तसल्या चिपा काढल्या, एकेक पाय ब्लेडनं खरवडून साफ केला आणि बसवल्या. वरची आळी, मारुती, मशीद, शाळा, वाण्याचं दुकान, सगळं मावलं. बारावीच्या दिवाळीपर्यंत गाव पुरं झालं. कॅसेटवर तिनं शाईनं लिहिलं, ‘गाव, पुरं.’

त्याच गावाची एक दुसरी कॅसेटही होती. ती मायनं एकदा लावली, किर्रर्र ऐकली, ‘टेप बिघडली’ म्हणाली आणि चौदा एप्रिलसाठी तिच्यावर भीमगीतं भरून घेतली. आम्ही पोट धरून हसलो होतो. पहिली कॅसेट जाग्यावर होती ना.

तोवर आबांची बदली लातूरला झाली होती आणि अक्का क्लासला लागली होती. जमाच्या आधी पालकसभा असते. त्या सभेत सरांनी धाकट्या भावंडांना उभं केलं. “मोठी मुलं लपवतात, लहान मुलं खरं सांगतात. तुमच्या घरात ताईला मोह कशाचा आहे?” मी हात वर केला. “अक्काकडं कॉम्प्युटर हाय. गाव खेळती.” मला पेन मिळालं.

पुढचं सुरुवातीला लिहिलंच आहे. एवढंच राहिलं: आबांनी पोस्टाच्या निळ्या रेक्झिनच्या पिशवीत कॉम्प्युटर घातला, तारा घातल्या, टेपरेकॉर्डर घातला. कॅसेट टेपच्या आतच होती. अक्का म्हणाली, “आबा, टेप राहू द्या.” आबा म्हणाले, “सर म्हणले समदं द्या, मागं काही ठेवू नका.” आबा तिच्यावर रागावलेले नव्हते. त्यांना भीती वाटत होती, की आपण एखादी वस्तू मागं ठेवली आणि त्यापायी पोरीची डॉक्टरी गेली, तर?

डॉक्टरी गेलीच. थोडक्यात गेली. निकालाच्या दिवशी आबा घरातून बाहेर पडले नाहीत, दुसऱ्या दिवशी पोस्टात गेले ते मागच्या गल्लीतून. क्लासच्या बाजूच्या रस्त्यानं ते आजही जात नाहीत. पावती मायनं लुगड्याच्या घडीत ठेवली.

अक्का आता उमरीला एका कार्यालयात ऑपरेटर आहे, दिवसभर सातबारे टाइप करते. मी तिला म्हटलं होतं, पुन्हा कर की तो खेळ. ती म्हणाली, “कुणाला विचारू? काशीबाईचं दार आता मलाही दोन्हीकडं दिसतं.” काशीबाई गेल्या. सोपानमामा गेले. वरच्या आळीचे ते काकासुद्धा गेले. न्हाणीचं पाणी कुठून कुठं जायचं, हे सांगणारं या जगात एकच काही उरलंय, आणि ते पाच मिनिटांच्या किंकाळीत आहे.

म्हणून मी हा नाद धरला. लोक विचारतात, मोर्चे काढणारी पोरगी भंगारातले जुने कॉम्प्युटर आणि टीव्ही गेम का गोळा करते? नांदेडच्या भंगारबाजारातून, नायगावच्या बंद पडलेल्या टायपिंग इन्स्टिट्यूटमधून, मुरुडच्या आठवडी बाजारातून मी आणलेत. फुगलेले कपॅसिटर काढून नवे घालते, टेपचे सैल पट्टे बदलते, हेड स्पिरिटनं पुसते, रबरी बटणांखालची तडकलेली प्लास्टिकची पट्टी बदलते. जब्बारचाचा आता थकलेत, चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधतात, पण डाग वाकडा बसला की नुसत्या वासावरून ओळखतात. त्यांनीच शिकवलं. एवढ्या पसाऱ्यात मला अक्काच्या मशीनचा जुळा भाऊ सापडला, तोही अर्धपोटी. त्याची आठवण मी तेवढीच वाढवली आहे, एक चिप इकडची तिकडं नाही. तो माझ्या टेबलावर तयार आहे. त्याला ऐकवायला कॅसेट तेवढी पाहिजे.

गेल्या पावसाळ्यात मी पावती घेऊन क्लासमध्ये गेले. सर तेच. केस पांढरे, आवाज तोच गोड.

“निकाल काय लागला होता ताईचा?”

“त्याचा काय संबंध?”

“संबंध आहे, बाळ. पालक स्वखुशीनं देतात, पालकच पेढे घेऊन येतात. तुम्ही पालक आहात का?”

“मी बहीण आहे. पेनवाली.”

त्यांना ते कळलं नाही. पण मी हलेना, तेव्हा त्यांनी शिपायाला खोली उघडायला लावली, मला पटावं म्हणून, की बघा, आम्ही काही विकून खाल्लं नाही. खरंच विकलं नव्हतं. जमिनीपासून छतापर्यंत रॅक होते. टीव्ही गेम एकावर एक, त्यांच्या पिवळ्या कॅसेटा पोत्यात. कॅरमबोर्ड. एक तबला, एकटाच, डग्गा नसलेला. बासऱ्या. चित्रांच्या वह्या दोरीनं बांधलेल्या. प्रत्येकाला गुलाबी चिठ्ठी. मी उभ्या उभ्या हिशेब लावला तो असा: इथली प्रत्येक वस्तू म्हणजे एक घर, जे लाजेपायी परत आलं नाही. क्लासनं काहीच चोरलेलं नाही. त्यानं खोलीला कुलूपसुद्धा साधंच लावलंय. आपण परत येणार नाही याची त्याला खात्री आहे.

निळी पिशवी खालच्या फळीवर होती. तिच्यामागच्या भिंतीला ओल आली होती, बुरशीचा वास येत होता. टेपला बुरशी धरली की काय होतं ते मला माहीत आहे, हातात घेतली की भुकटी सुटते. मी वाकले तर शिपाई मधे आला. “ताई, पालक आणा. माझी नोकरी जाईल.” सरांनी दार लावून घेतलं.

पावसाळा गेला, हिवाळा गेला. मी आबांच्या मागं लागले.

“आबा, चला.”

“काय तोंड घेऊन जाऊ?”

“आहे ते घेऊन चला. दुसरं कुठून आणणार?”

“तू मोर्चावाली, तुला काय. तिथं समदे पेढे घेऊन येतात.”

“आबा, तिथं गाव आहे आपलं. भिजून राहिलंय.”

आबांनी चष्मा काढला, धोतराला पुसला, पुन्हा घातला.  मग म्हणाले, “आणखी कुणी रिकाम्या हातानं येणार असंल तर येतो. एकटा न्हाई येत.”

आबांचं हे वाक्य मी पत्रकात छापणार होते. पण पत्रक लोक हातात घेतात आणि कोपऱ्यावर टाकतात, म्हणून इथं लिहिते आहे, जिथं तुम्ही एवढं वाचलंत.

तुमच्याही घरात गुलाबी पावती आहे. कपाटात, गादीखाली, जुन्या गुणपत्रिकेच्या मागं. तुमचा पोरगा आता मोठा झाला असेल, म्हणत असेल जाऊ द्या. जाऊ देऊ नका. पावतीवर पत्ता छापलेला आहे. येत्या रविवारी सकाळी साडेदहाला, त्यांच्या संकल्पाच्या भर सभेत, तिथं या. पेढे आणू नका. कुणी निकाल विचारला तर सांगू नका. खोली उघडायला लावा, आपली वस्तू उचला आणि ज्याची होती त्याच्या हातात द्या. फाटकाशी एक धोतरातला म्हातारा रिकाम्या हातानं उभा असेल, आत जावं की न जावं अशा विचारात. त्याला एकटं ठेवू नका. त्याच्याबरोबर आत चला.